काचेची मागची बाजू

मोंजियाला कुणी विचारलं, काय काम करता, तर ती सांगायची, "वेगळं करते." समोरच्याला वाटायचं बाई धान्य निवडत असेल. ती काही खुलासा करायच्या भानगडीत पडत नसे.

आमच्या स्फॅक्स शहराच्या जुन्या भागात, तटाच्या दरवाजाला लागून, घाऊक बटणांचं एक दुकान होतं. तिथं तिनं तेहतीस वर्षं बटणं वेगळी केली. शिंपल्याची, हाडाची, शिंगाची, लाकडाची, आणि शिंपल्यासारखी दिसणारी प्लास्टिकची. ही शेवटची जात म्हणजे तिची जन्माची वैरीण. शिंपल्याचं बटण गालाला लावलं की थंड लागतं आणि प्लास्टिकचं लागत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि त्यानंतर कुठलाही व्यापारी तिच्या डोळ्यांत धूळ फेकू शकला नाही. दुकान बंद झालं तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती. मालकानं निरोपाला बटणांचा एक मोठा डबा दिला. घरी येऊन तिनं तो उघडला, तर आत तीन जाती एकमेकींत मिसळलेल्या. तिनं आधी त्या वेगळ्या केल्या आणि मगच जेवायला बसली.

अशा बाईला इन्साफनं हेरलं यात इन्साफची हुशारी. इन्साफ चौतीस वर्षांची, पॅरिसला शिकून परत आलेली, आणि परत का आलीस म्हणून सगळ्या गोतावळ्याचे टोमणे खाऊन निबर झालेली. तिनं चार मित्रांना हाताशी धरून एक संस्था काढली होती. शहरातल्या घराघरांत भिंतीवर टांगलेली जुनी चित्रं गोळा करायची, त्यांचे फोटो काढायचे आणि ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवायचे, चित्र घरच्यांना परत द्यायचं. कल्पना फार छान. बारा हजार चित्रं जमली. प्रत्येक चित्राखाली ते कशानं काढलंय याचा टॅग लावायचा होता, आणि तो कुणीही लावू शकत होतं. इथंच सगळं मुसळ केरात गेलं.

"मावशी, माध्यमाचे टॅग किती झालेत माहितीये?" इन्साफनं तिला पहिल्या दिवशी विचारलं. "एक हजार नऊशे चौसष्ट."

"इतक्या वस्तूंनी चित्रं काढतात?"

"वस्तू सगळ्या मिळून पन्नास असतील. बाकी आपली माणसं."

मोंजियानं यादी वाचायला घेतली. तैलरंग, तेल, तेलाचं चित्र, बहुतेक तेल. एकानं लिहिलं होतं, ऑलिव्हचं तेल, पुढे प्रश्नचिन्ह. हे आमच्या स्फॅक्समध्येच सुचू शकतं. इथल्या माणसाला जगात दुसरं तेल असतं हे पटवणं अवघड. पुढे होतं, आजोबांचं. जड आहे. फ्रेम चांगली. भिंत. एका बाईनं आपल्या दिवंगत नवऱ्यानं काढलेल्या नऊ चित्रांना माध्यम म्हणून लिहिलं होतं, रिकामा वेळ.

"ह्या बाईचं मी बदलणार नाही," मोंजिया म्हणाली.

"बदलावं लागेल गं."

"सगळ्यात शेवटी बदलीन."

तिची पद्धत बटणांचीच. प्रत्येक टॅग कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठ्या अंड्यांच्या ट्रेमध्ये टाकायच्या, एका खळग्यात एक जात. संस्थेचं ऑफिस जुन्या घरात होतं, मधल्या चौकात लिंबाचं झाड. त्या झाडाखाली सतरा ट्रे मांडून ती बसायची. कॉम्प्युटर तिला चटकन आला, पण विश्वास चिठ्ठीवर. तिनं नियमही घालून घेतला. टॅगमध्ये चित्र कशाचं बनलंय तेवढंच यायला हवं. चित्रात काय आहे, ते कितीचं आहे, कुणाच्या खोलीत टांगलेलं होतं, हे सगळं दुसरीकडे. आणि अडलं की स्वतःला विचारायचं, गालाला लावलं तर कसं लागेल?

चार महिन्यांत एकोणीसशे चौसष्टाचे एकसष्ट झाले. इन्साफनं मकरूद, खजूर भरलेल्या गोड वड्या, वाटल्या. मोंजियानं दोन खाल्ले, दोन रुमालात बांधून आईसाठी घेतले, आणि म्हणाली, "एक ट्रे राहिलाय."

त्या ट्रेमधली चिठ्ठी होती, "अमूर्त चित्र, काचेवर तैलरंग." एकूण शहाऐंशी चित्रं. तिला हात लावायचा मोंजियाला धीर होत नव्हता, कारण संस्थेचं सगळं नाव त्या शहाऐंशींवर उभं होतं. मार्सेयच्या एका संग्रहालयातल्या ओदिल नावाच्या बाईंना ती इंटरनेटवर सापडली होती आणि त्या अक्षरशः वेड्या झाल्या होत्या. रंगांचे मोठाले ठोकळे, हिरव्याला खेटून लाल, मध्येच चंदेरी खवले, रेषेचा पत्ता नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी स्फॅक्समध्ये कुणीतरी असलं काम करत होतं आणि जगाला कळलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अकरा चित्रं प्रदर्शनासाठी निवडली होती, चार पानी लेख लिहिला होता, आणि येत्या शुक्रवारी व्हिडिओवर बोलून करार पक्का व्हायचा होता. लेखातलं एक वाक्य इन्साफनं छापून फ्रिजवर चिकटवलं होतं: "हा हात रेषेला धीटपणे नकार देतो."

पण नियम म्हणजे नियम. अमूर्त हे काही माध्यम नव्हे. तेवढा एक शब्द काढून टाकायचा, बाकी तसंच राहू द्यायचं, असं ठरवून सोमवारी सकाळी मोंजियानं पहिलं चित्र उघडलं. खातरजमेसाठी मोठं केलं. मग आणखी मोठं केलं.

चंदेरी खवल्यांच्या कडेला बारीक उंट होता.

तो उंट तिच्या ओळखीचा होता. उंटछाप चहाच्या पुडीत आतून बेगड असायची आणि तिच्या काठावर अशी उंटांची रांग छापलेली असायची. लहानपणी मोंजियाचं काम होतं ती बेगड चमच्याच्या पाठीनं घासून सपाट करायचं. दहा तुकडे केले की एक खजूर. ते तुकडे तिची आई काचेच्या मागून चिकटवायची, म्हणजे समोरून घोडेस्वाराचं चिलखत लखलखायचं. मोंजियाचे वडील, तय्यब, काचेमागची चित्रं करायचे. घोडेस्वार, सिंह, नवरी, जहाज. अख्ख्या शहरात दिवाणखान्यांत टांगलेली असायची.

ती उठली, इन्साफला "आईचं औषध राहिलं" असं खोटंच सांगून घरी आली.

घरी आई, दलेंदा, वय सत्त्याऐंशी, खाटेवर बसून बदाम फोडत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की ती म्हणायची, जे बघायचं ते बघून झालंय. माणसं तिला आता रंगावरून कळायची.

"निळी आली," ती म्हणाली. "मोंजिया ना? एवढ्या लवकर कशी? काढून टाकलं का कामावरून?"

"नाही काढलं."

"मग भांडलीस."

"आई, जरा गप बस." मोंजिया खुर्चीवर चढली आणि कपाटावरचा घोडेस्वार उतरवायला लागली.

"काय करतेस? विकतेस की काय बापाला?"

मोंजियानं चित्र जमिनीवर पालथं घातलं, पक्कडीनं खिळे ओढले, पुठ्ठा काढला, आणि तिथंच बसून राहिली. खाली मार्सेयला आवडलेलं तसलंच चित्र होतं. हिरव्याचा मोठा ठोकळा, त्याला खेटून लाल, मध्ये चंदेरी. घोड्याचा डोळा नाही, लगाम नाही, तलवार नाही, कारण ते सगळं काचेवर सगळ्यात आधी काढतात. मागून एकेक रंग चढत जातो आणि आधीचं सगळं झाकून टाकतो. शेवटी मागच्या बाजूनं उरतात ते नुसते ठोकळे, आणि ते भरायची आई.

रेषेला धीटपणे नकार देणारा हात समोर बदाम फोडत बसला होता.

दुपारी ती थेट हाफेधच्या स्टुडिओत गेली. हाफेध लग्नांचे फोटो काढायचा, पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड. संस्थेच्या फोटोंचं काम त्यानंच केलं होतं. तो एका नवरीचे गाल कॉम्प्युटरवर गोरे करत होता.

"या लल्ला मोंजिया," तो बाईमाणसाला द्यायचा तो मान देत म्हणाला. "चहा?"

"नको. काचेवरची चित्रं तू कुठून काढलीस?"

"घराघरांतून. संस्थेनंच तर पत्ते..."

"कुठल्या बाजूनं काढलीस म्हणते मी."

हाफेधनं माउस सोडला. "असं बघा, समोरून काढलं की काचेत फ्लॅश चमकतो. मीच दिसतो सगळीकडे. घोड्यावर मी, जहाजात मी, नवरीच्या शेजारी मी. पहिले दहा तसेच आले. मग मला युक्ती सुचली. मागचा पुठ्ठा काढला की रंगाला चमक नाही. आणि रंग जिकडं तीच चित्राची बाजू, नाही का? कॅनव्हासचं आपण असंच करतो."

"आणि तुला घोडा दिसला नाही, नवरी दिसली नाही, तरी काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. वाटलं, आजकालचं असेल."

"आजकालचं? पुठ्ठ्यावर माझ्या जन्माच्या आधीचं वर्तमानपत्र चिकटवलं होतं."

"लल्ला, मी वर्तमानपत्र कुठे वाचतो," हाफेध मनापासून म्हणाला. "आणि अमूर्त हा टॅग काही मी नाही लावला हं. तो कुणीतरी शिकलेल्यानं लावला."

त्यात तथ्य होतं, म्हणून मोंजियाला जास्तच राग आला.

आता खरं म्हणजे पुढचं सरळ होतं. जिनं तेहतीस वर्षांत एक प्लास्टिकचं बटण शिंपल्यात जाऊ दिलं नाही, तिनं त्याच पावली ऑफिसात जाऊन सांगायचं. मोंजिया गेली नाही. मंगळवारी गेली, पण ती चिठ्ठी तशीच ट्रेमध्ये ठेवून इतर कामं करत राहिली. बुधवारी तेच. तुम्ही म्हणाल, संस्थेच्या भल्यासाठी गप्प राहिली. ते थोडंसं खरं आहे. पण पोटातलं कारण वेगळं होतं, आणि ते तिला स्वतःलाच नवं होतं.

वडिलांच्या दुकानात आई काय करायची असं कुणी विचारलं असतं तर मोंजियानं सांगितलं असतं, मदत करायची. भांडी घासायची, पोरं सांभाळायची, रंग भरायची. रेषा वडिलांची, खाली डाव्या कोपऱ्यात सही वडिलांची, "तय्यब, स्फॅक्स" अशी वळणदार, गिऱ्हाईक यायचं ते "सी तय्यब" अशी आदराची हाक मारत. वडील गेले तेव्हा सगळं गाव मातीला आलं आणि जो तो म्हणाला, काय रंग होते त्यांचे. आई आत बायकांत बसली होती. रंग आईचे होते हे तेव्हा मोंजियाच्याही डोक्यात आलं नाही. आता कुठल्या कोण परक्या बाईनं चार पानं भरून त्या रंगांची तारीफ केली होती. ती बाई चुकून पाठीमागून आली म्हणूनच तिला आई दिसली होती. टॅग दुरुस्त केला की चित्र पुन्हा सुलट होणार, पुठ्ठा लागणार, आणि समोर पुन्हा तय्यब. न केला तर आईचे रंग मार्सेयच्या भिंतीवर, खाली लिहिलेलं, "अज्ञात." दोन्हीकडून आईचा पत्ता कट.

बुधवारी दुपारी तिनं तो लेख घरी नेऊन आईला वाचून दाखवला, फ्रेंचचं आपल्या बोलीत करून, जमेल तसा.

"हा हात रेषेला धीटपणे नकार देतो," तिनं वाचलं.

"अरे देवा. कोण बिचारा?"

"आहे एक जण."

"कुणी शिकवली नसेल रेषा. गरीब असेल. पुढे काय?"

"'इथे हिरवा रंग लाल रंगाशी वाद घालतो आणि हार मानत नाही.'"

दलेंदानं बदाम खाली ठेवले. "हे कुठलं चित्र? दाखव."

मोंजियानं टॅबलेट तिच्या नाकासमोर धरला. एरवी आईला पडद्यावरचं काही दिसत नसे. पण इथं बारीक काही नव्हतंच, नुसते ठोकळे. तिनं मान वाकडी केली, एकदा जवळ आणली, एकदा लांब नेली.

"हा हिरवा खिडक्यांचा," ती म्हणाली. "समोरच्या सुताराकडे डब्याच्या तळाला उरायचा तो. फार लवकर वाळायचा मेला, म्हणून लाल रंगाच्या आधी लावावा लागायचा, नाहीतर एकमेकांत उतरायचे. वाद कसला घालतात. आणि ही काजळी माझ्या चुलीची. हे घोडेस्वाराचं उलटं आहे, मोंजिया. हे कुणी उघडं टाकलं? रंगाला हवा लागेल."

"आई, हे सगळं तू केलंस."

"मी कुठलं? मी भरलं."

तेवढं बोलून ती पुन्हा बदाम फोडायला लागली. मोंजियाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आईला दिसत नाही हे माहीत असूनही तिनं तोंड फिरवलं.

गुरुवारी सकाळी ती इन्साफसमोर जाऊन बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. घरचा घोडेस्वार पिशवीत घालून आणला होता, तो पुढून दाखवला, मागून दाखवला. इन्साफ उठली, फ्रिजवरचा कागद काढला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

"तुला केव्हा कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे, मावशी."

"माहितीये. चूक झाली माझी. पण मी सांगितलं नसतं तर तू उद्या सही केली असतीस, आणि मी मरेपर्यंत तो ट्रे माझ्याकडे बघत राहिला असता."

"माझे मामा काय म्हणतील ठाऊक आहे?" इन्साफ म्हणाली. "म्हणतील, पॅरिसला शिकून आली आणि चित्राची पाठ-पोट कळेना."

"मला कळायला चार महिने लागले, आणि मी त्या रंगात रांगलेय. त्यांना सांग."

शुक्रवारी व्हिडिओवर ओदिल बाई आल्या. करड्या केसांच्या, मोठ्या चष्म्याच्या, मागे पुस्तकंच पुस्तकं. इन्साफनं त्यांना दोन्ही बाजू दाखवल्या. बाई मोठ्यानं हसल्या, मग चष्मा काढून डोळे पुसले. ते हसण्यानं की कशानं, ते इथं बसून कळायला मार्ग नव्हता.

"म्हणजे मी पाठच टांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण ती पाठ सुंदर आहे हे मी आजही म्हणेन."

"मग टांगा ना," मोंजिया मागून म्हणाली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "खाली नाव घालून टांगा. रंग भरणाऱ्या बाई अजून आहेत. बदाम फोडताहेत."

ओदिल बाईंनी समितीला विचारते म्हणून सांगितलं. त्या भल्या होत्या, त्यांनी खरोखरच विचारलं असेल. आठ दिवसांनी पत्र आलं. प्रदर्शन आधुनिक चित्रकलेचं असल्यामुळे लोककलेचे नमुने त्यात बसत नाहीत, पुढेमागे योग आला तर जरूर. इन्साफनं पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाली, "पाठ होती तोवर आधुनिक. पोट दिसलं आणि लोककला झाली." मग ती चौकात जाऊन लिंबाच्या झाडाला पाणी घालत बसली, आणि ते सकाळीच घातलेलं होतं.

पण ती परत आल्याचे टोमणे पचवलेली मुलगी होती. तिसऱ्या दिवशी तिनं हाफेधला बोलावून घेतलं. शहाऐंशीच्या शहाऐंशी चित्रांचे फोटो समोरून पुन्हा काढायचे, फुकट, आणि मागचे आहेत तेही राहू द्यायचे. प्रत्येक चित्राला दोन फोटो, पुढचा आणि मागचा. हाफेधनं बायकोची काळी चादर आणली, ती दोन काठ्यांवर ताणली, मधे भोक पाडून त्यातून कॅमेरा घातला आणि स्वतः मागे दडला. आता काचेत तो दिसेना. बायकोनं चादरीचं भोक पाहिल्यावर घरी काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, पण दोन दिवस जेवण तो आमच्या गल्लीतल्या खाणावळीत घेत होता.

मोंजियानं जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली, "काचेमागचं चित्र." मग त्याखाली, ज्या चित्रांचं कळत होतं त्यांना, बारीकसारीक: खिडक्यांचा रंग, चुलीची काजळी, चहाच्या पुडीतली बेगड. इन्साफ म्हणाली, बेगडीला वेगळा टॅग कशाला. मोंजिया म्हणाली, गालाला लावून बघ. त्यावर वाद संपला.

राहिला चित्रकाराच्या नावाचा रकाना. शहाऐंशींपैकी एकोणचाळीस चित्रांवर समोरून "तय्यब, स्फॅक्स" निघालं. मोंजियानं लिहिलं, "रेषा: तय्यब. रंग: दलेंदा."

"मावशी, एक अडचण आहे," इन्साफ म्हणाली. "चित्रकार हयात असला तर त्याची लेखी परवानगी लागते. नियम आपलाच आहे."

"नियम म्हणजे नियम," मोंजिया म्हणाली, आणि फारा दिवसांनी हसली.

म्हणून त्या रविवारी सकाळी तिघं जण दलेंदाच्या खाटेभोवती जमले. इन्साफनं फॉर्म आणला होता. हाफेध फॉर्मचा फोटो काढायला आला होता, कॉफीच्या आशेनं. मोंजियानं शाईचा पॅड आणला होता, कारण दलेंदा आयुष्यभर अंगठाच उठवत आली होती. लग्नाच्या कागदावर अंगठा, घराच्या कागदावर अंगठा, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर अंगठा.

इन्साफनं तिला समजावून सांगितलं, की आजी, रंग तुम्ही भरलेत असं आम्ही जगाला सांगणार आहोत, चालेल ना?

"जगाला काय करायचंय?" दलेंदा म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

मोंजियानं तिचा अंगठा धरून पॅडकडे नेला. दलेंदानं हात सोडवून घेतला.

"अंगठा कशाला? चित्राचं आहे ना? चित्रावर सही करतात. पेन दे."

"आई, तुला लिहिता कुठे येतं?"

"एक शब्द येतो. दे म्हणते ना."

मोंजियानं पेन दिलं आणि तिचं बोट कागदावर जिथं सही हवी तिथं टेकवलं. आमचं अरबी लिखाण उजवीकडून डावीकडे चालतं. दलेंदाचा हात डावीकडून उजवीकडे निघाला. न थांबता, डोळ्यांची गरज नसल्यासारखा, वळण घेऊन, ठिपके देऊन थांबला. कागदावर जे उमटलं ते कुणालाच वाचता येईना.

इन्साफनं कागद उचलला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. मागून, अगदी सुलटं आणि वळणदार, दिसलं: "तय्यब, स्फॅक्स."

हाफेधनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"ही सही बाबांची आहे," मोंजिया म्हणाली.

"त्याचीच. त्याचंच नाव आहे." दलेंदानं पेनाचं टोपण चाचपडून शोधलं आणि लावलं. "काचेवर उलटं लिहावं लागतं. त्याला जमायचं नाही, लिहिता येत होतं ना त्याला. हात सारखा सुलटा वळायचा. चार काचा फोडल्या रागानं. मला कुठे अक्षर कळत होतं? मला ते चित्रच. त्यानं एकदा कागदावर काढून दिलं, मी दिव्यासमोर धरून पाठ केलं. मग दर काचेवर आधी मी सही करायची, आणि मग त्यानं घोडा काढायचा."

"आणि तू कधी बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं?"

हाफेधनं फॉर्मचा फोटो काढला. सवयीनं पडद्यावर बोट फिरवत म्हणाला, "उलटं आलंय. सुलटं करून टाकू? एक बटण दाबलं की झालं."

"बटणाला हात लावशील तर बघ," मोंजिया म्हणाली.

सोमवारी लिंबाच्या झाडाखाली बसून तिनं एकोणचाळीस चित्रांचा रकाना पुन्हा उघडला. इन्साफ म्हणाली होती की सगळ्यांना एकदम बदलायची सोय आहे, पण मोंजियानं एकेक उघडून एकेक लिहिलं, आणि त्यात तिची दुपार गेली. रेषा: तय्यब. रंग: दलेंदा. सही: दलेंदा.